पुन्हा पुन्हा तुटणारा ब्रॅकेट : जुन्या पिकअप गाड्यांच्या पुढील पाट्यांचे निदान व दुरुस्ती

(वाहनधारक, चालक, गॅरेजमधील कारागीर व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खेड्याच्या दैनंदिन जीवनात एके काळी बैलगाडीला जे स्थान होते, ते आज पिकअप गाडीने घेतले आहे. पहाटे धक्क्यावरची मासळी, दिवसा बांधकामाचे चिरे व रेती, रात्री बेळगावच्या बाजारातील भाजी अशी अनेक कामे एकच गाडी करते. कुटुंबाचा चरितार्थ तिच्यावर चालतो. कर्जाचा हप्ताही तिच्याच मिळकतीतून फिटतो. अशी गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की पुष्कळदा तिला एक दुखणे जडते. पुढील आसावर जे कमानी पाटे असतात, ते गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, ज्या ब्रॅकेटने जोडलेले असतात तो ब्रॅकेट तुटतो. दुरुस्त करावा, तर काही आठवड्यांनी पुन्हा तुटतो. धन्याला वाटते कारागिराने काम नीट केले नाही. कारागिराला वाटते धन्याने भार जास्त घातला. दोघांच्या वादात मूळ कारण मात्र गाडीखाली तसेच राहते.

उदाहरणादाखल अशी एक गाडी डोळ्यांसमोर आणावी. तिचा धनी सत्तरी तालुक्यातील. गाडी तो स्वतःच चालवतो. साखळी, केरी, चोर्ला, जांबोटी या मार्गाने आठवड्याला चार फेऱ्या होतात. जाताना मासळी, येताना भाजी. जून महिन्यात डाव्या बाजूचा पुढील ब्रॅकेट तुटला. रस्त्याकडेच्या गॅरेजात जागच्या जागी वेल्डिंग झाले. जुलैत त्या वेल्डिंगच्या कडेलाच तडा गेला. आता वर जाड पट्टी चढवण्यात आली. ऑगस्टमध्ये पट्टी शाबूत राहिली, परंतु पट्टी जेथे संपत होती तेथे चासीलाच तडा गेला. या तीन घटनांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रत्येक दुरुस्तीने जोड अधिक बळकट झाला, आणि प्रत्येक वेळी मोड अधिक महागाच्या जागी सरकली. प्रथम गेला तो बदलता येण्याजोगा भाग. शेवटी गेला तो गाडीचा कणा.

जो भाग एकदा तुटतो, तो कदाचित स्वतःच्या दोषाने तुटला असेल. परंतु नवा बसवूनही जो त्याच जागी पुन्हा तुटतो, तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी भागाच्या दोषाची शिक्षा भोगत असतो. यास्तव ब्रॅकेट जोडण्यापूर्वी त्याला कोण तोडत आहे, याचा शोध घेणे अगत्याचे आहे. आजच्या विवेचनाचा सारा रोख याच एका गोष्टीवर आहे.

पुढील पाट्यांची रचना

१९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जीप गाड्यांची जुळणी सुरू झाली. त्या गाड्यांप्रमाणेच आपल्याकडील अनेक जुन्या पिकअप गाड्यांचा पुढील आस हा अखंड दांडा असून तो दोन्ही बाजूंस पाट्यांच्या जुडग्यावर बसवलेला असतो. नव्या काही गाड्यांत निराळी योजना असते. तिचा विचार येथे केलेला नाही.

जुडग्यातील सर्वांत लांब पाटा तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांस वळवून डोळे केलेले असतात. एका टोकाचा डोळा पिन व बुश यांच्या साहाय्याने थेट ब्रॅकेटमध्ये अडकवलेला असतो; हे स्थिर टोक होय. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याने टांगलेले असते. जीपच्या घराण्यातील गाड्यांत शॅकल पुढच्या अंगास आढळतो, तर इतर पुष्कळ गाड्यांत तो मागे असतो. पाट्यांचे जुडगे मधोमध सेंटर बोल्टने एकत्र ठेवलेले असते आणि यू-बोल्टांनी आसाशी आवळलेले असते.

ही योजना साधी असली तरी तिच्यावर दोन जबाबदाऱ्या आहेत. धक्के शोषणे ही पहिली, व ती सर्वांना ठाऊक असते. दुसरी अधिक गंभीर असून तिच्याकडे दुर्लक्ष होते: आस आपल्या जागी सरळ धरून ठेवणे. अशा गाडीत पुढील आसाला मागे-पुढे सरकू न देणारा दुसरा कोणताही भाग नसतो. ब्रेक लावला की रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि तो सारा रेटा अखेर स्थिर टोकाच्या ब्रॅकेटवर येतो. वळणावर बाजूचा रेटा येतो, खड्ड्यात पीळ पडतो, आणि गाडीचे वजन तर सदैव असतेच.

यावरून ब्रॅकेट घाटात उतरताना का तुटतो, याचाही उलगडा होतो. उतारावर ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढील आसावर झुकते. त्याच क्षणी डावे चाक रस्त्याच्या खचलेल्या कडेवरून पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले, तर वजन, ब्रेकचा रेटा आणि खड्ड्याचा आघात हे तिन्ही एकाच ब्रॅकेटवर येतात. आपली वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात आणि रस्ता बहुधा कडेलाच खचतो. त्यामुळे डावी बाजू आधी जाण्याकडे कल असतो. अशा वेळी ब्रॅकेट पूर्णपणे सुटला, तर त्या बाजूचा आस मागे सरकतो, चाक आपोआप वळते, ब्रेकची नळी ताणली जाते आणि चालकाच्या हातातील स्टिअरिंगला अर्थ राहत नाही. ज्या वळणावर हे घडेल त्याच्या खाली दरी असू शकते. म्हणून या दुखण्याकडे केवळ खर्चाची बाब म्हणून पाहणे योग्य नव्हे.

धातू थकतो कसा

तारेचा तुकडा हाताने ओढून तुटत नाही. परंतु तोच उलटसुलट वाकवीत राहिले, तर थोड्या वेळात तुटतो. प्रत्येक वेळचे वाकणे किरकोळ, परंतु त्यांची बेरीज घातक. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करून दाखवता येईल. यास धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला व अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले. एका झटक्यात भाग मोडण्यास जो भार लागतो, त्याहून पुष्कळ कमी भार वारंवार पडत राहिल्यानेही धातू तुटतो, हे त्याने पद्धतशीरपणे दाखवून दिले.

थकव्याचा तडा नेहमी एखाद्या कमकुवत जागेपासून सुरू होतो. बोल्टच्या भोकाची कड, तीक्ष्ण कोपरा, गंजाचा खळगा, वेल्डिंगची किनार ही त्याची आवडती ठिकाणे. वेल्डिंगने जोडलेल्या पोलादी सांध्यांबाबत अभियंते एक ढोबळ नियम मानतात: ताण जितक्या पटीने वाढेल, त्या पटीच्या घनाने आयुष्य घटते. ताण दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांश उरते. ताण केवळ सव्वापट झाला तरी ते जवळजवळ निम्मे होते. ‘चार पेट्या जास्त घातल्या तर काय बिघडले?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या हिशेबात आहे. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. बिघाड साठत जातो.

गोमंतकातील हवामान त्यात भर घालते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. किनाऱ्यावरची हवा खारी. मासळीच्या धक्क्यावर व बाजारात साचलेले मिठाचे व बर्फाचे पाणी पुढील चाके थेट ब्रॅकेटवर उडवतात. तांबडी माती चासीच्या खाचेत बसली की ओल दिवसच्या दिवस टिकते. ब्रॅकेट आणि चासी यांच्या फटीत गंज धरला की तो फुगतो व दोन्ही पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो. जोड सैल होतो.

तपासणीची रीत

गाडी गॅरेजात आली की बहुतेक ठिकाणी तिला आधी धुतले जाते. ही पहिली चूक होय. धुण्यापूर्वी बॅटरी घेऊन खाली नीट पाहावे. एखाद्या बोल्टभोवती किंवा रिव्हेटभोवती तांबूस पुडीचा ओघळ दिसला, तर तेथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत आहेत, असे समजावे. चिखलाने माखलेल्या भागात एखादी चकचकीत जागा दिसली, तर तेथे काहीतरी आदळत आहे. पाण्याच्या फवाऱ्याने या खुणा नाहीशा होतात.

तुटलेला तुकडा भंगारात टाकू नये. घडलेल्या गोष्टीची साक्ष त्याच्यावर कोरलेली असते. मोडीच्या तोंडाचा एक भाग काळपट व गुळगुळीत असेल, आणि त्यावर तिसऱ्यांच्या शिंपल्यावर असतात तशा कमानदार रेषा असतील, तर तडा बऱ्याच दिवसांपासून वाढत होता. दुसरा भाग खरबरीत व चमकदार दिसतो. तो शेवटच्या झटक्यात तुटलेला. जुना भाग मोठा व नवा लहान असेल, तर तडा आधी दिसण्याजोगा होता आणि पाहणाऱ्याने पाहिले नाही, असा त्याचा अर्थ. सारे तोंड खरबरीत असेल, तर एखादा मोठा आघात किंवा अतिभार हे कारण असावे. कमानदार रेषा ज्या बिंदूभोवती जमतात तेथून तडा सुरू झाला. त्या बिंदूपाशी भोक आहे, गंज आहे की जुने वेल्डिंग आहे, हे पाहावे.

यानंतर गाडी धुवावी व तारेच्या ब्रशाने जागा स्वच्छ करावी. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक जुनी व स्वस्त युक्ती आहे. रेल्वेच्या कारखान्यांत ती दीर्घकाळ वापरली गेली. संशयित जागेवर पातळ तेल लावून काही वेळ मुरू द्यावे, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे व वर खडूची पूड लावावी. तडा असेल तर आत शिरलेले तेल पाझरते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते.

पुढची परीक्षा दोन माणसांची. गाडी सपाट जागेवर उभी करावी, मागील चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवावे. दुसऱ्याने बाजूला बसून ब्रॅकेट, पिन व शॅकल यांवर बॅटरीचा झोत ठेवावा. चाक वळण्यापूर्वी पाटा डोळ्यात हलत असेल तर पिन वा बुश झिजलेला आहे. ब्रॅकेटच चासीवर सरकत असेल तर बोल्ट वा रिव्हेट सैल आहेत. रिव्हेटवर लहान हातोडीने हळू ठोकावे; घट्ट रिव्हेट खणखणतो, सैल रिव्हेटचा आवाज बद्द येतो.

मग मोजमाप. स्थिर टोकाच्या पिनेपासून सेंटर बोल्टपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. त्याचप्रमाणे गवंड्याचा ओळंबा घेऊन पुढील व मागील आसांवरील समान बिंदू जमिनीवर खडूने उतरवावेत, गाडी बाजूला घ्यावी आणि दोन्ही बाजूंची अंतरे व कर्ण ताडून पाहावेत. कर्ण जुळले नाहीत, तर आस तिरका झाला आहे किंवा चासी वाकली आहे. तशा स्थितीत नवा ब्रॅकेट बसवणे म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ओढाताणीत ठेवणे होय.

तोडणारे खरे कारण

अनुभवी कारागीर पुढील कारणे एकेक करून तपासतात.

पहिले कारण, जाम झालेला शॅकल. भार आला की कमानीसारखा पाटा सपाट होतो, आणि सपाट होताना त्याची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात. शॅकल झुलून त्यांना जागा करून देतो. ग्रीस न मिळाल्याने शॅकलची पिन गंजून जाम झाली, तर पाट्याला लांबण्यास वाव राहत नाही. प्रत्येक खड्ड्यात तो दोन्ही टोकांचे ब्रॅकेट विरुद्ध दिशांना ढकलतो. ब्रॅकेट वजन पेलण्यासाठी घडवलेला असतो, हा रेटा पेलण्यासाठी नव्हे. जॅकने चासी हळूहळू उचलावी व शॅकलचा कोन बदलतो का, हे पाहावे. बदलत नसेल, तर बहुतेक वेळा शोध येथेच संपतो.

दुसरे कारण, जादा पाटा. अधिक माल नेता यावा म्हणून जुडग्यात एक-दोन पाटे वाढवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. त्यामुळे गाडी बसत नाही आणि धन्याला समाधान वाटते. परंतु जो धक्का पाट्याने लवून गिळावयाचा, तो आता कडक झालेल्या जुडग्यातून थेट ब्रॅकेटकडे जातो. पाटा वाढवल्याने चासी, ब्रॅकेट, ब्रेक व टायर यांची ताकद वाढत नाही.

तिसरे कारण, सैल यू-बोल्ट. यू-बोल्ट ढिले झाले की आस पाट्यावर सरकू लागतो, सेंटर बोल्ट कापला जातो व प्रत्येक ब्रेकबरोबर ब्रॅकेटला हिसका बसतो. ब्रेक लावताच खालून एकदा ‘खट्’ असा आवाज येणे, हे याचे एक लक्षण.

चौथे कारण, निकामी शॉक ॲब्सॉर्बर आणि नाहीसा झालेला रबरी ठोकळा. पाटा पूर्ण दबल्यावर आस चासीवर आपटू नये म्हणून हा ठोकळा असतो. तो गळून पडलेला पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

पाचवे कारण, एका बाजूचा ब्रेक अधिक पकडणे. ब्रेक लावताच गाडी एका अंगास ओढत असेल, तर त्या अंगाच्या ब्रॅकेटवर दुसऱ्याच्याही वाट्याचा रेटा पडतो.

सहावे कारण, मागची दुरुस्ती. गंजावर व रंगावर केलेले वेल्डिंग, पावसाळी ओल धरलेले रॉड, चासीच्या पट्टीवर आडवे ओढलेले वेल्डिंग, गॅसने पाडलेली भोके: यांतील प्रत्येक गोष्ट पुढच्या तड्याचे बीज असते. काही ब्रॅकेट बिडाचे ओतीव असतात. त्यांच्यावर साधे वेल्डिंग केले असता जोडालगतचा धातू कडक व ठिसूळ होतो आणि तडा शेजारी जातो. असा ब्रॅकेट जोडू नये, बदलावा.

उदाहरणातील गाडीकडे या दृष्टीने पाहिले, तर डाव्या शॅकलच्या ग्रीस निप्पलवर रंगाचे पापुद्रे साचलेले दिसतील. तेथे ग्रीस वर्षभर गेलेले नाही. पिन जाम. दोन्ही बाजूंस एकेक जादा पाटा. डावे यू-बोल्ट हाताच्या पान्यानेही फिरतील इतके सैल. तीन महिन्यांत तिच्यावर तीन वेळा वेल्डिंग झाले. ग्रीसची बंदूक मात्र एकदाही लागली नाही.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम सुरक्षितता. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. आपल्याकडे आधारासाठी चिरे रचण्याची सवय आहे. चिरा भाराखाली एकाएकी फुटतो व त्याचा भुगा होतो. पोलादी स्टँड किंवा जाड, रुंद लाकडी ठोकळे चासीखाली द्यावेत. विद्युत वेल्डिंग करावयाचे असल्यास बॅटरीची व अल्टरनेटरची जोडणी सोडवावी आणि इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या बाजूला घ्याव्यात किंवा झाकाव्यात.

पाट्यांवरचा भार उतरवून ब्रॅकेट चासीपासून संपूर्ण वेगळा करावा. जागच्या जागी जोडू नये. तो निघाल्याशिवाय त्याच्या मागे दडलेला तडा व गंज दिसत नाही. चासी धातूपर्यंत स्वच्छ करून खडूची परीक्षा पुन्हा करावी.

चासीला तडा असेल, तर निर्मात्याच्या पुस्तिकेत त्या चासीवर वेल्डिंगची मुभा आहे की नाही, ते आधी पाहावे; उष्णतेची विशेष प्रक्रिया केलेल्या काही चासींवर वेल्डिंग वर्ज्य असते. मुभा असल्यास तड्याच्या टोकाशी लहान भोक पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. नंतर तड्याची पूर्ण खोलीची खाच करून ती कोरड्या, कमी हायड्रोजनच्या रॉडने भरावी व घासून सपाट करावी. हे रॉड ओल शोषतात. पाकीट उघडून पावसाळ्यात ठेवलेले रॉड भट्टीत वाळवल्याविना वापरू नयेत. वर आधारपट्टी द्यावयाची असेल, तर तिची टोके चौकोनी न ठेवता निमुळती करावीत, वेल्डिंग चासीच्या लांबीच्या दिशेने करावे आणि वरच्या व खालच्या पट्टीवर आडवे वेल्डिंग किंवा नवी भोके टाळावीत. चौकोनी टोक असलेली जाड पट्टी सारा ताण आपल्या शेवटाशी गोळा करते. उदाहरणातील गाडीची चासी ऑगस्टमध्ये नेमकी तेथेच गेली. हे काम कुशल वेल्डरचेच आहे, हे वेगळे सांगावयास नको.

भोके अंडाकृती झाली असतील, तर मोठा वायसर लावून भागवू नये. भोक रीमरने गोल करून त्यात नेमका बसणारा मोठा बोल्ट घालावा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा शिक्का असतो. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीपेक्षा हलका बोल्ट नको. असा जोड बोल्टच्या जाडीपेक्षा त्याच्या आवळण्यावर टिकतो. घट्ट दाबलेले दोन पत्रे घर्षणाने एकमेकांना धरून ठेवतात. सैल बोल्ट कितीही जाड असला तरी अखेर कापला जातो. म्हणून टॉर्क पाना वापरावा व नट नवे घ्यावेत.

यानंतर मूळ कारण दूर करावे; त्याविना वरील सारी मेहनत वाया जाईल. शॅकलच्या पिना व बुश दोन्ही बाजूंस एकाच वेळी बदलावेत. ग्रीसच्या जागी जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत ग्रीस भरावे. रबरी बुशांना ग्रीस लावू नये. त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवरच शेवटचे आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. जादा पाटे काढून मूळ संख्या ठेवावी. मूळ पाटे बसले असतील तर जुडगे दोन्ही बाजूंस बदलावे. यू-बोल्ट नवे घालून तिरक्या जोड्यांनी थोडेथोडे आवळावेत. शॉक ॲब्सॉर्बर, रबरी ठोकळा व ब्रेक तपासावेत. सरतेशेवटी चाकांचे अलाइनमेंट करावे आणि उघड्या धातूवर प्राइमर व रंग द्यावा.

प्रत्येक नटावर व लगतच्या ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. रेघ तुटक दिसली की नट फिरला, हे चालकाला पान्याविना कळते. सुमारे ५०० किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा आणवून यू-बोल्ट व ब्रॅकेटचे बोल्ट आवळून घ्यावेत. ही दुसरी भेट कारागिराने आग्रहाने मागावी व धन्याने टाळू नये.

प्रत्येकाचा वाटा

चालकाचा वाटा दिवसाला दोन मिनिटांचा आहे. घाट चढण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. गाडी एका अंगास कलली आहे का? दोन्ही पुढील चाके मडगार्डच्या मधोमध आहेत की एक मागे सरकले आहे? वीत टेकवून हे सहज मोजता येते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहते का? टायरची एकच कड झिजते आहे का? रंगाची रेघ सलग आहे का? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर मनासारखे नसेल, तर घाट दुसऱ्या दिवशी चढावा. मासळीच्या फेरीनंतर गाडीचा तळभाग गोड्या पाण्याने धुवावा आणि पावसाळ्यात ग्रीसचे अंतर कमी करावे.

अधिकाऱ्यांचा वाटाही लहान नाही. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. त्या तपासणीत दिवे व रंग यांबरोबर शॅकल झुलतो की नाही, एवढे पाहिले गेले, तरी पुष्कळ गाड्या वेळीच दुरुस्तीस जातील. रस्त्याच्या खचलेल्या कडा पावसाळ्यापूर्वी भरणे व पाण्यास वाट करून देणे, यानेही अनेक ब्रॅकेट वाचतील. गाव सोडून शाळेस जाणारी मुले मालवाहू पिकअपच्या हौद्यात उभी राहून प्रवास करताना दिसल्यास शिक्षकांनी व पंचायतींनी ते थांबवावे. कायद्यानेही त्यास मनाई आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांनी तुटलेले ब्रॅकेट गोळा करून वर्गात ठेवावेत. मोडीचे तोंड वाचण्यास शिकलेला विद्यार्थी उद्या गॅरेजात उभा राहील, तेव्हा वेल्डिंगचे यंत्र सुरू करण्यापूर्वी तो गाडीखाली वाकून पाहील.

कारागिरांना एक विनंती आहे. धनी घाईत असतो. माल नासत असतो. ‘आजच्या दिवसापुरते जोडून द्या’ असे तो काकुळतीने म्हणतो. त्याची अडचण खरी असते. माल दुसऱ्या गाडीत चढवण्यास त्याला मदत करावी, परंतु तुटका ब्रॅकेट जागच्या जागी जोडून गाडी घाटात पाठवू नये. त्या एका फेरीचे भाडे बुडेल; गाडी व माणूस दोन्ही सुखरूप घरी येतील. जून महिन्यात एका पिनेला ग्रीस व दोन यू-बोल्टांना पाना लागला असता, तर त्या गाडीची चासी ऑगस्टमध्ये शाबूत राहिली असती. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक धन्याने आपली जुनी पिकअप एकदा अशा रीतीने तपासून घ्यावी, एवढीच अपेक्षा.